आफ्रिकन टँकमधले मासे एकेक करून का जातात?

‘चार फुटी टँक आहे, फिल्टर दणकट आहे, दर आठवड्याला पाणी बदलतो. तरी महिन्या-दोन महिन्यांनी एक मासा जातोच. वेगळं काही टाकलेलं नाही, सगळे आफ्रिकनच आहेत.’ ही तक्रार कमी-अधिक फरकाने सारखी कानावर येते. करणारा बहुतेक वेळा मेहनती असतो, आळशी माणसाचे मासे असे एकेक करून जात नाहीत, एकदमच जातात. अडचण असते ती त्या शेवटच्या वाक्यात.

दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ नावाचा एक टँक असतो. त्यात दोन-दोन इंचांची पिल्लं, निळी, पिवळी, केशरी, पट्टेवाली. नगावर भाव, हवी ती दाखवा. त्या वयात सगळी गुण्यागोविंदाने राहतात. एक मलावी सरोवराच्या खडकांवरचं शेवाळ खरवडणारा, दुसरा त्याच सरोवरात इतरांची पिल्लं गिळणारा, तिसरा टांगानिकाचा, चौथा थेट नायजेरियातल्या ओढ्यातला, हे पिशवीला रबर लावताना कोणी सांगत नाही. सहा-आठ महिन्यांनी मासे वयात येतात आणि मग एकेकाचा नंबर लागतो.

आधी ठरवा: मारामारी की पाणी?

औषधाची बाटली उघडण्याआधी अर्धा तास टँकसमोर बसा. खायला घालू नका, नुसतं बघा.

मार खाणारा मासा लगेच ओळखू येतो. तो वरच्या कोपऱ्यात, हीटर किंवा फिल्टरच्या नळीमागे, डोकं वर करून टांगल्यासारखा उभा असतो. रंग उतरलेला, शेपटीची कड कुरतडलेली, कधी अंगावर खवले निघून गेल्याचा फिका डाग. खाद्य पडल्यावर बाकीचे झेपावतात तेव्हा हा दोन इंच पुढे येतो आणि परत मागे जातो. त्याच्याकडे न बघता तो ज्याच्यामुळे मागे गेला त्याच्याकडे बघा. तो टँकमधला सर्वांत देखणा मासा असण्याची शक्यता बरीच आहे. सिक्लिड कुळात (दुकानातले बहुतेक ‘आफ्रिकन’ मासे याच कुळातले) जो दादा असतो त्याचा रंग सर्वांत गडद उठतो.

पाण्याचा दोष असेल तर एकटा मासा कोपऱ्यात जात नाही. तीन-चार मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन श्वास ओढतात, कल्ले भरभर हलतात, काही दगडाला अंग घासतात. अशा वेळी थेंबांच्या टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट आणि पीएच, तिन्ही तपासा. नुसता अमोनिया बघून भागत नाही. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या वर जातो, आणि ८.५ ला १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किटवर तोच रंग दिसत असला तरी मलावीच्या पाण्यात तो कित्येक पट घातक.

यातूनच एक प्रकार वरचेवर घडतो. टँकमध्ये पाणी ६.८ वर असतं, थोडा अमोनिया साचलेला असतो, मासे तग धरून असतात. मग कोणीतरी सांगतं की आफ्रिकन माशांना खारट-कडक पाणी लागतं, आणि मालक संध्याकाळी मूठभर खायचा सोडा थेट टँकमध्ये ओततो. सकाळी निम्मे मासे तळाला. दोष सोड्याचा नसतो, आधीच्या अमोनियाचा असतो. म्हणून आधी अमोनिया शून्यावर आणा, मगच पीएचला हात लावा, तोही हळूहळू. आणि मीठ नको. मलावी आणि टांगानिका ही गोड्या पाण्याची सरोवरं आहेत, त्यांच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून ते खारं होत नाही.

आफ्रिका एक खंड आहे, एक पाणी नाही

मलावी सरोवर सुमारे ७०० मीटर खोल, पीएच साधारण ७.७ ते ८.६. टांगानिका १४७० मीटरपर्यंत खोल, बैकालनंतर जगात दुसरं, पाणी त्याहून कडक, पीएच ९ च्या जवळ जाणारा. काँगोच्या खोऱ्यातले आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातले ओढे मात्र मऊ पाण्याचे, किंचित आम्लधर्मी, कुजलेल्या पानांनी चहाच्या रंगाचे झालेले. या तिन्ही ठिकाणचे मासे ‘आफ्रिकन’ म्हणून एका टँकमध्ये टाकले की कोणाचं तरी पाणी चुकणारच. मऊ पाण्याचा काँगो टेट्रा आणि मलावीचा ऑरेटस एका काचेत ठेवणाऱ्याला मी काही उपाय सांगत नाही, दोघांपैकी एक परत करायला सांगतो.

तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न ‘कुठला मासा आवडला’ हा नाही. नळाला कुठलं पाणी येतं, हा आहे. मुंबई-पुण्याला धरणाचं पाणी येतं, ते मऊ असतं. तिथे नदीचे मासे फारशी खटपट न करता ठेवता येतात. मराठवाड्यात, विदर्भात, किंवा शहराबाहेरच्या ज्या सोसायट्या बोअरवेलवर आहेत तिथे बादलीला पांढरा थर धरतो. ते पाणी मलावीसाठी आयतं आहे. लोक मात्र नेमकं उलटं करतात: बोअरच्या पाण्यावर काँगो टेट्रा, आणि धरणाच्या पाण्यावर मलावी, रोज पीएचची औषधं घालत.

धरणाच्या पाण्यावर मलावी ठेवायचाच असेल तर औषधांपेक्षा दगड बरे. आपल्याकडे शहाबादी फरशी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच आहेत. फरशीवाल्याकडे तुटके तुकडे स्वस्तात, कधी फुकटही मिळतात. मात्र पॉलिश केलेले नकोत. दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका: बुडबुडे आले तर चुनखडी, नाही आले तर सह्याद्रीचा काळा दगड. काळा दगडही दिसायला उत्तम, फक्त तो पाण्यात काही सोडत नाही. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा ठेवा, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तोच, चांगला धुऊन. प्रवाळाचे तुकडे कोणी विकत असेल तर घेऊ नका, दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि शिंपल्यांनी तेच काम होतं. एवढं करूनही केएच (पीएच टिकवून धरणारा पाण्याचा कार्बोनेट कडकपणा) कमी राहिलं तर खायचा सोडा: ५ ग्रॅम सोड्याने ५० लिटर पाण्याचं केएच साधारण ३ अंशांनी वाढतं. तो बदलायच्या पाण्याच्या बादलीत विरघळवा, टँकमध्ये नाही, आणि दर वेळी त्याच प्रमाणात.

दगड रचताना ते थेट तळाच्या काचेवर, खाली थर्माकोल घालून बसवा आणि मग वाळू भरा. हे मासे खोदतात. वाळूवर ठेवलेला दगड एके रात्री काचेवर येतो.

मलावीच्या टँकमधली खरी गोची

एकाच सरोवराचे मासे घेतले म्हणजे सुटलो, असंही नाही. मलावीत ढोबळमानाने दोन घराणी दुकानात येतात. एक म्बुना, खडकावर राहणारे, शेवाळाचा थर खरवडून खाणारे, सतत हालचाल आणि सतत भांडण. दुसरे पिकॉक आणि हॅप, मोकळ्या वाळूवर आणि पाण्यात फिरणारे, किडे, अळ्या आणि लहान मासे खाणारे, त्यामानाने शांत. पिकॉकला शांतता मिळाली तरच त्याचा तो निळा-केशरी रंग उठतो. म्बुनांच्या गर्दीत ठेवलेला पिकॉक वर्षभर राखाडीच राहतो, आणि मालक दुकानदाराला दोष देतो की रंगवलेला मासा दिला.

दोघांचं खाद्यही जुळत नाही. म्बुनाचं आतडं लांब, शेवाळ पचवायला बनलेलं. पिकॉकसाठी आणलेले प्रथिनांनी भरलेले दाणे, ट्युबिफेक्स किंवा चिकनचे तुकडे त्याला रोज मिळाले की ‘मलावी ब्लोट’ नावाचं दुखणं मागे लागतं. पोट फुगतं, मासा खाणं तोंडात घेतो आणि थुंकतो, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबते. इथवर आलेला मासा वाचवणं अवघड. मेट्रोनिडॅझोल हे औषध अगदी सुरुवातीला, वेगळ्या टँकमध्ये दिलं तर उपयोग होतो, पोट टम्म झाल्यावर नाही. म्बुना ठेवायचे तर स्पायरुलिना या शेवाळाचं खाद्य, थोडं थोडं, आणि आठवड्यात एक दिवस उपास.

इथे एक गफलत टाळा. मादी खात नाही, हनुवटीखाली फुगलेली दिसते, कोपऱ्यात एकटी असते: ती आजारी नसून तिच्या तोंडात अंडी असण्याची शक्यता जास्त. या माद्या साधारण तीन आठवडे पिल्लं तोंडात वाढवतात आणि त्या काळात जवळजवळ खात नाहीत. जबडा काहीतरी चघळल्यासारखा हलत असतो. ब्लोटमध्ये फुगतं ते पोट, इथे फुगतो तो गळा. अशा मादीवर औषधं ओतून तिला मारणारे बरेच आहेत. (टांगानिकाचा ठिपक्यांचा सायनोडाँटिस, कुकू कॅटफिश, सिक्लिड मादी अंडी घालत असतानाच आपली अंडी तिच्या अंड्यांत मिसळतो. मादी सगळी उचलते आणि कॅटफिशची पिल्लं तिच्याच तोंडात तिची पिल्लं खाऊन मोठी होतात. ठेवायला सुंदर मासा, पण पिकॉकची पिल्लं हवी असतील तर नको.)

आता नावं. ‘मिक्स आफ्रिकन’मध्ये हमखास सापडणारे आणि हमखास घोळ घालणारे दोन मासे म्हणजे ऑरेटस आणि केन्यी. ऑरेटसचं पिल्लू पिवळंधमक, अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, हातात घ्यावंसं वाटतं. नर मोठा झाला की काळपट होतो आणि आपल्या जातीच्या दुसऱ्या नराला जिवंत ठेवत नाही. केन्यी तर लपवाछपवीच करतो: पिल्लं आणि माद्या निळ्या, मोठा नर पिवळा. ‘माझ्याकडे निळा मासा होता तो कुठे गेला आणि हा पिवळा कुठून आला’ हा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण लोक विचारतात. तो पिवळा दिसायला लागला की थोड्याच दिवसांत शेजारचा यलो लॅब नावाचा पिवळा म्बुना मार खातो, कारण पिवळा म्हणजे प्रतिस्पर्धी. हे दोघे चार फुटी मिश्र टँकमध्ये नकोतच.

रंगाचा हा नियम सगळीकडे लागू पडतो. नर आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर आधी धावतो, मग तो त्याच्या जातीचा असो वा नसो. निळ्या पट्ट्यांचे तीन प्रकार एकत्र घेऊ नका. वेगळे रंग, वेगळे आकार घ्या.

चार फूट बाय दीड बाय दीडचा टँक म्हणजे सुमारे २५५ लिटर. म्बुनांसाठी त्यात मी तीनच जाती सुचवतो: यलो लॅब, सौलोसी आणि रस्टी. तिन्ही चार इंचांच्या आसपास राहणाऱ्या, म्बुनांच्या मानाने सभ्य. सौलोसीत नर निळा पट्टेवाला आणि मादी पिवळी, एका जातीत दोन रंग मिळतात. पिवळी मादी आणि यलो लॅब एकमेकांच्या जवळचे दिसतात म्हणून पिल्लं वाढवायची असतील तर यलो लॅब गाळा. प्रत्येक जातीत एक नर, तीन-चार माद्या. एक नर-एक मादी अशी ‘जोडी’ घेऊ नका. गप्पी-एंजलच्या सवयीने लोक जोडी मागतात आणि मादी आठवड्याभरात पळून पळून मरते.

डेमासोनी हा म्बुनाही फार देखणा, पण चार-पाच आणाल तर शेवटी एक उरेल. तो डझनाच्या वर ठेवायचा, म्हणजे मार एकावर न पडता वाटला जातो. गर्दी वाढवून भांडण कमी करायची ही युक्ती म्बुनांत चालते, मात्र फिल्टर त्या गर्दीला पुरेल असा हवा आणि एप्रिल-मेमध्ये वीज गेल्यावर हवा चालू राहील अशी सोय हवी. ३२ अंशांच्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

पिकॉकचा टँक करायचा तर सोबत यलो लॅब चालतो. म्बुनांत तो अपवाद, शेवाळापेक्षा किडे-गोगलगायी खाणारा. इलेक्ट्रिक ब्लू हॅप चालतो, फक्त लहान मासे टाकू नका. व्हीनस्टस आणि लिव्हिंग्स्टोनी चार फुटात नको, वीतभराच्या पलीकडे वाढतात. लिव्हिंग्स्टोनी वाळूवर मेल्यासारखा आडवा पडून राहतो आणि जवळ आलेलं पिल्लू गिळतो. पहिल्यांदा बघणारा त्याला जाळीने बाहेर काढतो. वेगवेगळ्या जातीच्या पिकॉकच्या माद्या एकत्र ठेवल्या तर संकर होतो, आणि माद्या सगळ्या सारख्याच करड्या दिसतात, ओळखणार कशा? नुसते नर ठेवणं सोपं.

टांगानिका

यावर थोडक्यात. शंखात राहणारा मल्टी दीड-दोन इंचांचा, दोन फुटी टँक त्याला एकट्याला पुरतो आणि बघायला कंटाळा येत नाही. ब्रिचार्डी मात्र ‘कम्युनिटी’, म्हणजे सगळ्यांत मिसळून राहणारा, म्हणून विकला जातो आणि इथेच फसगत होते. एक जोडी जमली की तिची मोठी पिल्लं धाकट्यांची राखण करतात, कुटुंब वाढत जातं आणि काही महिन्यांत इतर मासे वरच्या एका कोपऱ्यात. त्याला एकटाच टँक द्या. फ्रंटोसा एक फुटाचा होतो, एवढं कळल्यावर बहुतेकांचा प्रश्न सुटतो.

नदीचा टँक: मासा गेला, पण मेलेला सापडला नाही

काँगो आणि पश्चिम आफ्रिकेच्या माशांत तक्रार वेगळी असते. मारामारी दिसत नाही, प्रेतही सापडत नाही, मोजल्यावर एक कमी. कारणं दोनच: रात्री कोणीतरी खाल्ला, नाहीतर उडी मारून बाहेर पडला.

खाणारे ओळखा. बिचिर दिवसा सुस्त पडलेला असतो, रात्री वासावर फिरतो, तोंडात मावेल ते गिळतो. बिबट्या ठिपक्यांचा टिनोपोमा पानासारखा तरंगत येतो आणि एका क्षणात टेट्रा गायब. ‘उलटा पोहणारा’ म्हणून सायनोडाँटिस घ्याल तर जात विचारा. खरा नायग्रिव्हेंट्रिस चार इंचांचा, निरुपद्रवी. त्याच नावाने विकला जाणारा युप्टेरस पिल्लू असताना तसाच दिसतो, पुढे वीतभर होतो. मोठ्या माशांचा पंख उंच शिडासारखा झालेला दिसला तर तो युप्टेरस.

पळणारे: फुलपाखरू मासा पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि दचकला की उडतो, रोपफिश नळीसाठी ठेवलेल्या फटीतून साप निघावा तसा निघतो. फटी स्पंजने बंद करा. हे दोन्ही सोफ्याखाली सापडण्याचे मासे आहेत.

माझ्या मते नदीचा टँक मऊ पाण्याच्या शहरांत मलावीपेक्षा कितीतरी सोपा, आणि कोणी करत नाही कारण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली काँगो टेट्रा फिकट पांढरा दिसतो. घरी मंद उजेडात, काळ्या वाळूवर, तीन महिन्यांनी बघा: पाठीवर निळा, मध्ये सोनेरी-तांबूस पट्टा, नराच्या शेपटीला झालर. सहा-आठांचा गट घ्या. त्याच्याबरोबर टायगर बार्ब ठेवू नका, झालर आठवड्यात कुरतडतो, आणि तो मुळात आशियातला. खाली क्रिबेन्सिसची एकच जोडी, चार-पाच नायग्रिव्हेंट्रिस, लाकडाला दोऱ्याने बांधलेला अनुबियास आणि बोल्बायटिस, दोन्ही वनस्पती आफ्रिकेच्याच. क्रिबेन्सिसची अंडी घालायची वेळ आली की मादीचं पोट जांभळट-लाल होतं, आणि अंडी घातली की ती सर्वांना हाकलते. तीन फुटांत बाकीच्यांना पळायला जागा असते, दोन फुटांत नसते. नारळाची करवंटी गुहा म्हणून टँकच्या एका टोकाला ठेवा, मध्ये नको.

बोअरचं पाणी असेल आणि तरी हाच टँक हवा असेल तर आरओचं पाणी निम्मं मिसळा. एलिफंट नोज मात्र कोणत्याही पाण्यात नवशिक्याने घेऊ नये. जिवंत किंवा गोठवलेल्या अळ्यांशिवाय तो नीट खात नाही, आणि बहुतेक टँकांत शेजारी त्याच्या तोंडचं पळवून त्याला उपाशी मारतात.

घोळ आधीच झालेला असेल तर

जो मारतोय तो एकच काढून उपयोग नसतो, दुसऱ्या नंबरचा त्याची जागा घेतो. आधी सगळ्या माशांचे फोटो काढून जाती ओळखा. मग पाण्यावरून गट पाडा आणि ज्या गटात सर्वांत जास्त मासे आहेत तो ठेवा, बाकीचे एकाच वेळी काढा. त्याच दिवशी दगडांची मांडणी पूर्ण बदला, म्हणजे उरलेल्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळे पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. नवे मासे एकेक आणू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून मग एकदम चार-पाच सोडा, रात्री दिवा बंद असताना, बाकीच्यांना खायला घालून झाल्यावर. मार खाल्लेल्या माशाला बरं होईपर्यंत स्पंज फिल्टर लावलेल्या साध्या प्लास्टिकच्या टबात ठेवलं तरी चालतं.

काढलेले मासे बरेच दुकानदार परत घेतात, पैसे नाही तरी खाद्याच्या डब्यावर अदलाबदल होते. कोणीच घेत नसेल तर ओळखीत द्या, पण तळ्यात, नदीत, धरणात सोडू नका. उजनीत जी चिलापी भरभरून मिळते ती याच सिक्लिड कुळातली, आफ्रिकेचीच. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला, तोही तोंडातच पिल्लं वाढवतो, आणि आता तो इथून निघायचा नाही.